दीडशे रुपयांत अमेरिका, चहा वेगळा

आधीच सांगून टाकतो, अमेरिकेवरच्या त्या व्याख्यानाला पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार माईकवाल्यानं खाल्ला आणि एक सत्कारांनी. बाकी पैसे वसूल झाले, पण ते ज्या अर्ध्या तासात वसूल झाले तो अर्धा तास कार्यक्रम पत्रिकेत छापलेलाच नव्हता, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, वेळ असेल तर वाचा नाहीतर खाली शेवटाला बसायचं कुठं तेवढं बघून घ्या.

तर 30 नोव्हेंबर 2025 चा रविवार, लातूर, बार्शी रोडकडचं एक सभागृह. वक्ते परराष्ट्र धोरणाचे अभ्यासक, साठीच्या पुढचे, दिल्लीत बरीच वर्षं काढलेले, टीव्हीवर अधनंमधनं दिसतात. नाव मुद्दाम घेत नाही, माणूस चांगलाय, आयोजकांच्या पापाचा शिंतोडा त्यांच्यावर कशाला. विषय होता अमेरिका जगात आजपर्यंत काय करत आली आणि इथून पुढं काय करणार. तिकीट 150 रुपये, विद्यार्थ्यांना 50.

मी कोण म्हणाल तर मार्केट यार्डात एका आडतीवर हिशेब बघतो, बावीस वर्षं झाली. परराष्ट्र धोरणाशी आपला संबंध म्हणजे सकाळी पेपर आणि दुपारी सौदा निघाल्यावर गप्पा. पण ऑगस्टपासून यार्डात दुसरा विषयच नाही हो. 7 ऑगस्टला अमेरिकेचा आपल्या मालावर 25 टक्के टॅरिफ म्हणजे आयात कर, 27 ला रशियाच्या तेलापायी आणखी 25, आणि मधेच 19 ऑगस्टला आपल्याच सरकारनं परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणले, मग डिसेंबरअखेरपर्यंत. त्यात सप्टेंबरच्या पावसानं अख्खा मराठवाडा धुऊन नेला. आमचा हमालसुद्धा पोतं उतरवताना विचारतो, अण्णा आज ट्रम्प काय म्हणला? मग म्हणलं जाऊन ऐकावं तरी. पोरगा पुण्यात यूपीएससी करायलाय, त्यानं पण फोनवर सांगितलं, बाबा जा आणि नोट्स काढून पाठवा. वही विसरलो ती विसरलोच, खिशात पट्टीबुक, म्हणजे माल विकल्याच्या पावत्यांचं बुक होतं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहून घेतलं.

पाचचा कार्यक्रम सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू. दीपप्रज्वलन, मग शाल, मग श्रीफळ, मग प्रायोजकांचा सत्कार, मग प्रायोजकांनी आणलेल्या पाहुण्यांचा सत्कार, मग ज्यांनी सत्कार केले त्यांच्यातल्या एकाचा वाढदिवस निघाला म्हणून त्याचा सत्कार. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंना दर दोन वाक्यांमागं एक चारोळी यायची. प्रास्ताविकवाल्यांनी पंचवीस मिनिटं घेतली आणि अमेरिकेचा शोध कुणी लावला इथून सुरुवात केली. वक्ते बिचारे स्टेजवर पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत बसलेले, मी तिसऱ्या रांगेतून बघत होतो. माझ्या शेजारी कोचिंगची दोन पोरं होती, लातूर पॅटर्नची, नीटवाली. ती तेवढ्या वेळात बायोलॉजीचा एक चॅप्टर करून मोकळी झाली.

माईक. काय सांगावं. सर बोलायला उभे राहिले आणि पहिली पाच मिनिटं नुसतं घूंऽऽ. वॉशिंग्टन म्हणलं की वॉशिंग्टनटनटन ऐकू यायचं. डाव्या बाजूच्या दोन पंख्यांखाली ज्यांच्या खुर्च्या होत्या त्यांना तर काहीच नाही, ते लोक हळूहळू उठून मागं दाराशी जाऊन उभे राहिले. शेवटी सरांनीच माईक बाजूला ठेवला आणि पुढं येऊन मोकळ्या आवाजात बोलायला लागले, आणि खरं सांगू का, तिथून रंग आला.

आता भाषणाचं. सरांची बोलायची पद्धत मला आवडली, कागद नाही, आवेश नाही, भारतमाता की जय नाही, ट्रम्पला शिव्या पण नाहीत. 1823 पासून सुरुवात केली, मन्रो नावाच्या अध्यक्षानं युरोपवाल्यांना सांगितलं की आमच्या अंगणात पाय ठेवायचा नाही. मग एकदम 1944. ब्रेटन वुड्स नावाच्या गावात 44 देश बसले आणि युद्धानंतरचा पैशाचा कारभार ठरवला. डॉलरला सोन्याशी बांधलं, 35 डॉलरला एक औंस, आणि बाकी सगळ्यांची नाणी डॉलरला बांधली. त्या बैठकीला आपले सी. डी. देशमुख पण होते, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. ते ऐकून सभागृहात जरा चुळबूळ झाली, आपला माणूस निघाला ना. पुढं 15 ऑगस्ट 1971, आपण झेंडावंदन करून जिलेबी खात होतो त्या दिवशी निक्सननं जाहीर करून टाकलं की आता डॉलरच्या बदल्यात सोनं मिळणार नाही. म्हणजे चिठ्ठी तीच, पण तिच्यामागचा माल गेला. तरीही आज जगातल्या देशांच्या परकीय गंगाजळीत निम्म्याहून जास्त डॉलरच आहे. हे कसं काय, असं सरांनी विचारलं आणि स्वतःच म्हणाले की दुसरी कुणाची चिठ्ठी एवढी चालत नाही म्हणून. हे मला लगेच समजलं. यार्डात पण एखाद्या आडतीची चिठ्ठी बँकेच्या चेकपेक्षा चालते, का चालते ते कुणी विचारत नाही.

मग नाटो, ती लष्करी युती. 1949 ला 12 देश, आता 32, फिनलंड 2023 ला आणि स्वीडन 2024 ला आले. एकावर हल्ला तो सगळ्यांवर हल्ला असं त्यात कलम 5 आहे. ते आजपर्यंत एकदाच वापरलं गेलं, आणि ते अमेरिकेनं युरोपला वाचवायला नव्हे तर 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकेसाठी. हे मला माहीतच नव्हतं. मी आपलं धरून चाललो होतो की अमेरिका वाचवते आणि बाकीचे वाचतात. खर्चाचा आकडा दिला, 2024 ला अमेरिकेचा लष्करावरचा खर्च 997 अब्ज डॉलर, जगाच्या एकूण खर्चातला 37 टक्के. आता युरोपवाल्यांना सांगितलंय की तुम्ही पण 2035 पर्यंत तुमच्या उत्पन्नाच्या 5 टक्क्यांवर न्या. व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तानातली वीस वर्षं आणि 2021 च्या ऑगस्टात काबूलच्या विमानतळावर झालेली पळापळ, हे भरभर उरकलं. माझ्या मते तिथं थांबायला पाहिजे होतं, पण प्रास्ताविकानं खाल्लेली पंचवीस मिनिटं कुठूनतरी काढायचीच होती.

सरांचा मुख्य मुद्दा असा की अमेरिका ही जगाची पोलीस पाटील होती आणि आता तिला ती पाटीलकी नको झालीय. चांगला मुद्दा आहे, टाळ्या पण पडल्या. पण मला तो तिथंच खटकला. पोलीस पाटील काय करतो, गावात भांडण झालं की पंचनामा करतो, वर कळवतो, त्याला मानधन मिळतं. त्याचा गावाच्या बाजारभावाशी संबंध नसतो. अमेरिकेचं तसं आहे का? मला तर ती पहिल्या दहा मिनिटांपासून आडत्यासारखी दिसायला लागली, आता माझा धंदाच तो, मला दुसरं काय दिसणार म्हणा. पण बघा, आडत्या पेरणीला उचल देतो. बी घे, खत घे, लग्नाला घे, दवाखान्याला घे. व्याज कधी लावतो कधी लावत नाही, पण माल माझ्याच दुकानात घालायचा. काटा त्याचा, मॉइश्चरचं मशीन त्याचं, मातेरं किती धरायचं ते तो ठरवणार. आणि तुम्ही माल दुसरीकडं घातला असं कळलं की पुढच्या पेरणीला उचल मागायला गेल्यावर तो फक्त एवढंच म्हणतो, बघू, बसा, चहा घ्या. झालं. तेवढ्यात माणसाला कळतं. यात आडत्याला शिवी नाही बरं का, मी त्याचंच मीठ खातो. शेतकऱ्याला अडीनडीला रात्री दहा वाजता पैसे देणारा पण तोच असतो, बँक नसते.

हे मी पट्टीच्या मागं लिहून ठेवलं होतं, बोलायचं धाडस काही झालं नाही. आणि तेवढ्यात प्रश्नोत्तरं सुरू झाली. आयोजक म्हणत होते वेळ झाला, आभार मानू, पण सर म्हणाले मला गाडी रात्रीची आहे, विचारू द्या. देव भलं करो.

पहिला प्रश्न एका बाईंचा, मुलगा टेक्सासला एमएस करायलाय, नोकरीच्या एच-1बी व्हिसाचे ते लाख डॉलर आता कोण भरणार, एवढंच विचारताना त्यांचा आवाज भरून आला. इथं सरांनी फार नीट सांगितलं. ते लाख डॉलर 21 सप्टेंबर 2025 नंतरच्या नव्या अर्जांना, आणि मुख्यतः अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांना, जो तिथंच शिकून तिथल्या तिथं व्हिसा बदलून घेतो त्याला ऑक्टोबरमधल्या खुलाशानुसार ते लागत नाहीत, तरीपण मुलाला म्हणावं कॉलेजच्या ऑफिसात विचारून लेखी घे. बाई खाली बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, माझे दीडशे इथंच वसूल झाले.

दुसरे एक निवृत्त गुरुजी. त्यांनी प्रश्न कमी आणि भाषण जास्त केलं पण मुद्दा असा होता की सर तुम्ही युनोचं सांगितलं, पण आमचा मराठवाडा स्वतःच युनोत जाऊन आलाय ते सांगितलं नाही. खरंच की. निजामाच्या सरकारनं 1948 च्या ऑगस्टात सुरक्षा परिषदेकडं भारताविरुद्ध तक्रार केली होती, 16 सप्टेंबरला पॅरिसमध्ये ती चर्चेला आली आणि दुसऱ्या दिवशी, 17 सप्टेंबरला, इकडं निजाम शरण आला. आपण दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाला झेंडा लावतो पण ही पॅरिसची भानगड किती जणांना माहीत असते? सर हसले, म्हणाले गुरुजी हे माझ्या भाषणात असायला पाहिजे होतं. हा मोकळेपणा मला आवडला, नाहीतर दिल्लीचे लोक आपलं चुकलं असं म्हणत नाहीत.

आणि मग मागच्या रांगेतून एक मामा उभे राहिले. पंचाहत्तरीच्या आसपासचे असतील, धोतर, टोपी, हातात पिशवी. त्यांना माईक देऊ लागले तर म्हणाले नको, मला लागत नाही. प्रश्न त्यांचा जसाच्या तसा लिहितो, त्यातली मिलो म्हणजे अमेरिकेतली लाल ज्वारी.

"सायेब, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मिलो खाल्ली. लाल लाल. भाकर थापली की चिरायची. गिरणीवाला म्हणायचा ही अमेरिकेतली डुकराला घालतेत. तर मला एवढंच सांगा, ती त्यांनी आम्हाला फुकट दिली होती का इकत?"

सभागृह एकदम शांत झालं. सर थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग खुर्ची ओढून स्टेजच्या कडेला बसले आणि पुढची पंधरा मिनिटं जे सांगितलं त्यासाठी हा सगळा रिव्ह्यू लिहायलोय.

ते म्हणाले मामा, याचे दोन भाग आहेत. 1954 ला अमेरिकेनं पीएल 480 नावाचा कायदा केला, त्यांच्याकडं गहू पडून होता, गोदामं भरली होती, आणि आपल्याकडं खायला नव्हतं. आपण तो गहू घ्यायचो आणि पैसे डॉलरमध्ये नाही तर रुपयात द्यायचो, आणि ते रुपये इथंच भारतात अमेरिकेच्या नावानं जमा व्हायचे. म्हणजे फुकट नाही पण रोख पण नाही. उधारीचं खातं म्हणा. 1965 आणि 66 ला लागोपाठ दोन दुष्काळ पडले, त्याच काळात पाकिस्तानशी युद्ध, शास्त्रीजींनी सोमवारी रात्री जेवू नका म्हणून सांगितलं. तेव्हा अमेरिकेत जॉन्सन अध्यक्ष होते. त्यांनी वर्षाचा करार न करता गव्हाची जहाजं महिन्याच्या हिशेबानं सोडायला सुरुवात केली, स्वतः बघून. भारतानं शेतीवर खर्च वाढवावा हा एक हेतू होता, आणि व्हिएतनामवर भारत जे टीका करायचा ते त्यांना झोंबायचं हा दुसरा. जहाज बंदराला लागायचं आणि तिथून धान्य थेट लोकांच्या तोंडात जायचं, मधे साठाच नाही.

मामा म्हणाले, "हात राखून माप घालायचे म्हणा की."

सर म्हणाले, अगदी तसंच.

आणि मग दुसरा भाग. 1971 ला बांगलादेशच्या युद्धात अमेरिकेनं सातव्या आरमाराची एंटरप्राइज नावाची बोट बंगालच्या उपसागरात आणली आणि मदत थांबवली. त्यामुळं बहात्तर-त्र्याहत्तरला जेव्हा मराठवाडा होरपळला तेव्हा ते जुनं खातं बंद झालेलं होतं, सरकारनं बाजारातून धान्य विकत आणलं आणि त्यात ती लाल मिलो आली. म्हणजे मामा, तुम्ही खाल्लेली मिलो इकतची होती.

मामा म्हणाले, "मंग बरं झालं."

एवढंच. आणि खाली बसले. मागची पोरं टाळ्या वाजवायला लागली, मामांना कळेना कशाला वाजवायलेत.

याच्यावर सरांनी शेवटाला एक गोष्ट सांगितली ती माझ्यासारख्या हिशेबवाल्यानं तर कपाळावर लिहून ठेवावी अशी आहे. ते जे रुपये इथं अमेरिकेच्या नावानं साचत गेले होते ते इतके झाले की त्यांचं करायचं काय हा प्रश्न पडला, एवढे रुपये बाजारात काढले असते तर भाव भडकले असते. शेवटी 1974 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राजदूतानं, मॉयनिहन नाव त्यांचं, भारत सरकारला त्यातल्या 1,664 कोटी रुपयांचा एकच चेक लिहून दिला. त्या वेळी जगातला सगळ्यात मोठा चेक म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली होती म्हणे. मी बावीस वर्षांत किती पट्ट्या लिहिल्या, पण सावकारानंच कर्जदाराला चेक फाडलेला बघितला नाही. आणि तो चेक काही दया म्हणून नव्हता, खातं गळ्यात आलं होतं म्हणून होता. आमच्याकडं पण असं होतं, एखाद्या गावात उचल इतकी वाटलेली असते की वसूल करायला गेलं तर गाव तुटतं आणि सोडून दिली तर दुकान तुटतं.

मला इथं एक गोष्ट आठवली ती मी बोललो नाही. गाजर गवत, काँग्रेस गवत म्हणतात ते, त्याच गव्हाबरोबर आलं असं आमचे वडील सांगायचे आणि पुस्तकात पण तसंच येतं, पन्नाशीच्या दशकात पुण्याकडं पहिल्यांदा दिसलं. खातं मिटलं, चेक वटला, मॉयनिहन गेले, ते गवत मात्र आमच्या बांधावर अजून आहे आणि उपटलं की अंगाला खाज येते.

आणि किल्लारीचा भूकंप. 30 सप्टेंबर 1993. माझी मावशी औसा तालुक्यातली, तिचं आत्ताचं घर पुनर्वसनातलं आहे. त्या पुनर्वसनाला जागतिक बँकेचं कर्ज होतं. म्हणजे सर जे 1944 चं ब्रेटन वुड्स सांगत होते, तिथंच जन्माला आलेली ती बँक, जिचं मुख्य ऑफिस वॉशिंग्टनला आणि जिचा अध्यक्ष आजवर कायम अमेरिकेचाच नागरिक राहिलाय, आत्ताचे अजय बंगा जन्मानं आपल्या पुण्याच्या खडकीचे असले तरी. त्या बँकेच्या पैशावर मावशीच्या डोक्यावरचं छत आहे. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणेल, असू दे बाबा, गळत नाही ना. हे सरांच्या भाषणात का नव्हतं हाच माझा खरा आक्षेप आहे. लातूरला येऊन अमेरिकेवर बोलायचं आणि मिलो, किल्लारी, सोयाबीन यातलं एक पण आपणहून काढायचं नाही. तेच भाषण त्यांनी दुसरीकडं पण दिलं असणार, चूक नाही, सगळेच देतात, पण ज्यांनी बोलावलं त्यांनी तरी आधी फोनवर सांगायचं ना की सर इथं सोयाबीनचं मार्केट आहे. सत्काराच्या यादीला जेवढं डोकं लावलं त्याच्या निम्मं.

सोयाबीनचा प्रश्न आलाच. रेणापूरकडचा एक तरुण शेतकरी, म्हणाला सर अमेरिकेची सोया आपल्याकडं आली तर आमचं काय होईल? आणि इथं सर गडबडले. वाटाघाटी चालू आहेत, तांत्रिक विषय आहे, सरकार शेतकऱ्यांचं हित बघेल, असं गोल गोल. चीनचं मात्र बरोबर सांगितलं, की अमेरिकेच्या निर्यातीतली निम्म्याच्या आसपास सोया चीन घ्यायचा, यंदा टॅरिफच्या भांडणात कित्येक महिने त्यांनी नवा माल उचललाच नाही, ब्राझीलकडून घेतला, आणि 30 ऑक्टोबरला ट्रम्प आणि शी यांची कोरियात भेट झाल्यावर वर्षाअखेरपर्यंत 120 लाख टन घेऊ म्हणून कबूल झाले. म्हणजे गिऱ्हाईक रुसलं की आडत्याच्या पण पोटात गोळा येतो, हे माझं वाक्य, सरांचं नाही. पण पोराचा प्रश्न राहिलाच. तो खाली बसला तेव्हा त्याचं तोंड बघवत नव्हतं.

म्हणून मी घरी येऊन हिशेब केला, तो इथं देतो, त्या पोरानं वाचला तर बरं. शिकागोच्या बाजारात भाव बुशेलवर असतो, सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे 27.2 किलो. त्या आठवड्यात तिकडं अकरा डॉलरच्या वर चालला होता, अकराच धरू. डॉलर तेव्हा 89 रुपये. म्हणजे क्विंटलला साधारण 3,600 रुपये, जहाजभाडं आणि आयात शुल्क न धरता. आपला 2025-26 चा हमीभाव 5,328. आणि आमच्या यार्डात सौदा हमीभावाच्या बराच खाली चाललेला, पावसानं भिजलेल्या डागी मालाला तर कुणी हात लावेना, हमीभाव केंद्रावर 12 टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की माल परत. आता अमेरिकेतली नव्वद टक्क्यांहून जास्त सोया जीएम म्हणजे जनुक बदललेल्या बियाण्याची आहे आणि आपल्याकडं तसं दाणं आणायला परवानगी नाही, सध्या आपली मोठी भिंत ती हीच. पण 2021 च्या ऑगस्टात भाव दहा हजाराच्या आसपास गेल्यावर पोल्ट्रीवाल्यांसाठी जीएम सोयापेंड 12 लाख टन आणायला परवानगी दिलीच होती की, आणि मग भाव कसा उतरला ते लातुरातल्या माणसाला मी काय सांगायचं. म्हणून ते वाटाघाटी आणि हित वगैरे ऐकलं की आम्हाला झोप येत नाही. सरांनी नुसतं एवढं म्हणलं असतं की दादा, भिंतीला एकदा भोक पडलंय, तर त्या पोराला निदान वाटलं असतं की ऐकून घेतलं.

बाकी किरकोळ. चहा तिकिटात नव्हता, 10 रुपयाला, पाणचट. बाहेर एका गाड्यावर निलंगा राईस मिळत होता तो मात्र झकास, 40 रुपये प्लेट, रविवारी संध्याकाळी एवढ्या उशिरा गरम मिळणं म्हणजे नशीब. पार्किंगला पावती फाडली आणि गाडी रस्त्यावरच लावायला लावली. पुस्तकांचा स्टॉल होता पण त्यावर स्पर्धा परीक्षेची गाईडं सोडून काही नव्हतं. आभार प्रदर्शन मी बघितलं नाही, पळालो.

निघताना गेटवर ते मिलोवाले मामा भेटले, ऑटोची वाट बघत उभे होते, स्टँडवरून त्यांना एसटी धरायची होती. मी म्हणलं मामा बसा गाडीवर, सोडतो. रस्त्यात म्हणलं, एक विचारू का, ती मिलो इकतची होती कळल्यावर तुम्ही बरं झालं का म्हणलात? तर म्हणाले, "फुकट असती तर अजून देणं लागत असतो की." मग गांधी चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा आपणहून म्हणाले, आमची माय त्या मिलोत थोडं गव्हाचं पीठ मिसळायची, मग भाकर चिरायची नाही. रोजगार हमीच्या बंडिंगवर खडी फोडायला जायचो, दुपारी तीच भाकर आणि सुकडी. चव कशी होती विचारलं तर म्हणाले भुकेला कसली चव.

पोराला पट्टीबुकाच्या मागच्या पानांचे फोटो पाठवले. त्याचा रिप्लाय आला, बाबा मॉयनिहनचं सिलॅबसमध्ये नाहीये पण भारीय.

पुढचं व्याख्यान जानेवारी 2026 ला ठेवलं होतं, चीनवर म्हणे, वक्ते दुसरे. यांच्या कुठल्याही व्याख्यानाला जाणार असाल तर पाचचं लिहिलंय म्हणून पाचला जाऊ नका, सव्वासहाला जा. उजव्या बाजूला बसा, डाव्या पंख्यांखाली काही ऐकू येत नाही. आणि पहिल्या दोन रांगा रिकाम्या दिसल्या तरी बसू नका, त्या सत्कारवाल्यांच्या असतात, उठवतात.